पलंगाखालचा काटा

पहिल्यांदा चालू केला तेव्हा काट्यानं महालिंग हारग्यांचं वजन दाखवलं, उणे अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम.

पलंगावर आडवे पडलेले आप्पा मान वाकडी करून आकड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "प्रज्वल, मी अजून हाय रं. आत्ताच वजा कशाला करतोस?"

स्वयंपाकघरातून त्यांची सून ऐश्वर्या खुदकन हसली. आप्पांचा मुलगा प्रज्वल पलंगाखाली पोटावर पडला होता. तोंडात स्क्रूड्रायव्हर, केसांत जळमटं.

"हिरवी आणि पांढरी वायर उलटी लागली," तो तसाच बोलला. "थांबा दोन मिनिटं."

"थांबतो की. मला कुठं जायचंय?"

प्रज्वलचं सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर काटे दुरुस्त करायचं दुकान होतं. वय चौतीस. शिकला म्हणाल तर कुठंच नाही. बारावीला दोनदा आपटला, मग बिघडलेले काटे उघडून उघडून जे कळलं ते कळलं. त्याआधी त्याच यार्डात आप्पांनी एकतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की आकडा बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत महालिंग मापाड्यानं काटा मारला असं कुणी, अगदी दारू पिऊनसुद्धा, म्हणालं नव्हतं.

हे सगळं २०४३ च्या मार्चमधलं. सौद्यांचा हंगाम, रस्त्यावर हळदीची पिवळी धूळ. आणि आप्पांचं हृदय दमलेलं. मिरजेचे डॉक्टर मगदूम यांनी पेनानं कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. हृदयाचा पंप ढिला झाला की किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे. मग ती पाणी धरून ठेवते. ते आधी पायात उतरतं, मग पोटात, मग फुप्फुसात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. धाप लागायच्या तीन-चार दिवस आधी वजन वाढलेलं असतं. म्हणून रोज सकाळी वजन करा. वाढलं की अर्धी गोळी जास्त.

सोपं होतं. फक्त आप्पांचे गुडघे त्यांना वजनकाट्यावर उभं राहू देत नव्हते. मोठ्या दवाखान्यांतले पलंग आता स्वतःच वजन करतात, पण घरच्या लोखंडी पलंगाला ते कसं जमणार? तर प्रज्वलनं ठरवलं, जमवायचं.

त्यात काय असतं ते सांगतो. चार पायांखाली चार लोडसेल. लोडसेल म्हणजे बोटाएवढी जाड धातूची पट्टी. तिच्यावर अगदी बारीक नागमोडी तारेचा कागद चिकटवलेला असतो. वजन आलं की पट्टी वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण वाकते. तिच्याबरोबर ती तार ताणली जाते आणि विजेला तिच्यातून जायला किंचित जास्त त्रास होतो. किंचित म्हणजे हजारात एखाद-दुसरा भाग. लाल आणि काळ्या वायरीनं वीज आत द्यायची, हिरव्या-पांढऱ्यातून तो किंचित फरक बाहेर घ्यायचा, वाढवायचा आणि त्याचे किलो करायचे. चारही पट्ट्यांच्या लाल वायरी एकत्र, काळ्या एकत्र, तशाच बाकीच्या. हिरवी-पांढरी उलटी लागली तर जिता माणूस वजा होतो. बाकी विशेष काही नाही.

वायरी बदलल्या. अठ्ठावन्न किलो चारशे, आता अधिक. प्रज्वलनं आकड्याची पेटी दाराजवळच्या भिंतीला लावायला घेतली.

"तिकडं न्हाई," आप्पा म्हणाले. "तोंड माझ्याकडं कर."

"आप्पा, मला जाता-येता दिसायला पाहिजे."

"यार्डात काट्याचं तोंड कुणाकडं असायचं?"

"शेतकऱ्याकडं."

"का?"

"माल त्याचा म्हणून."

"मग हितं माल कुणाचा हाय?" असं म्हणून आप्पांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली.

पेटी पायथ्याशी लागली, आप्पांकडं तोंड करून.

पुढचे तीन आठवडे घरात मजा होती. सकाळी सात वाजता आप्पा यार्डातल्या आवाजात पुकारायचे, "अठ्ठावन्न सहाशे!" शेजारचे कुंभोजकर गॅलरीतून ओरडायचे, "आप्पा, ओलावा किती?" ऐश्वर्या वजन बघून गोळी काढायची. एकदा वजन दीड किलोनं वाढलं, अर्धी गोळी जास्त दिली, दोन दिवसांत उतरलं. डॉक्टर मगदूम फोनवर म्हणाले, "हारगे, तुम्ही आमचं काम घेताय बरं का." प्रज्वल दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत होता.

मग त्यानं एक गोष्ट केली. कुणी सांगितली नव्हती.

काट्याचा शेवटचा आकडा कधी थांबायचा नाही. आप्पा अगदी निपचित झोपले तरी तो हलायचा. प्रज्वलनं आधी वायरी तपासल्या, सोल्डरचे डाग परत लावले. मग त्या हलण्याचा आलेख काढला आणि बघतच राहिला. ते हृदय होतं. प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात बाहेर पडतं आणि अंगाला उलटा हिसका बसतो, बंदुकीच्या दस्त्यासारखा. काही ग्रॅमांचा हिसका. पण पट्टीला कळतो. श्वाससुद्धा कळतो, एखाद्या लाटेसारखा.

शोधलं तर जगभर लोक हेच करत होते. कुठल्याशा परदेशी विद्यापीठानं लाखो पलंगांवरचे असे हिसके गोळा करून एक प्रोग्राम बनवला होता आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिला होता. हिसक्यांचा आकार, श्वासाची लय आणि पाण्याचं वजन, एवढं त्याला दिलं की तो पुढचं सांगायचा. पुढचं म्हणजे किती दिवस.

प्रज्वलनं तो एका दुपारी, आप्पा जेवून झोपले असताना, आपल्या मोबाइलवर चढवला. उत्सुकता होती, दुसरं काही नाही.

मोबाइलवर आलं, ४१.

त्याला वाटलं काहीतरी चुकलं. परत चालवलं. ४१.

आठ दिवसांनी तो आकडा ३० होता.

"म्हणजे दिवसाला एकापेक्षा जास्त कमी होतोय," ऐश्वर्या म्हणाली. तिनं मोबाइल पालथा ठेवला. "तू हे कशाला आणलंस घरात?"

"मला काय माहीत होतं गं?"

"काढून टाक."

काढून टाकलं नाही. तो मोबाइल घेऊन मिरजेला गेला. डॉक्टर मगदुमांनी आलेख वर-खाली करून बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तेच त्याला जास्त लागलं.

"आकडा बरोबर आहे का?"

"साधारण असतो."

"काय करायचं मग?"

"करतोय ते करायचं. पाणी जास्त काढलं की त्यांची किडनी बसते, नाही काढलं तर फुप्फुसात भरतं. मधली वाट अरुंद होत जाणार. किडनी अशी असताना हृदयाला यांत्रिक पंप कुणी बसवणार नाही." मग त्यांनी मोबाइल परत दिला. "आमच्या पलंगांवर हा आकडा फक्त डॉक्टरांना दिसतो, प्रज्वल. तो झाकायची सोय असते. तुमच्या पलंगाला ठेवलीय का?"

नव्हती ठेवली. आकडा फक्त प्रज्वलच्या मोबाइलवर येत होता, म्हणजे ती सोय स्वतः तोच होता.

एप्रिल लागला तशी गोळी लागू होईना. एकोणसाठ दोनशे. एकोणसाठ नऊशे. एका सकाळी साठ शंभर दिसलं आणि आप्पांनी पुकारलं नाही. ऐश्वर्यानं चहा आणला तर कप हातानं बाजूला सारला.

"नको. शंभर ग्रॅम हाय त्यो."

"मामा, डॉक्टरांनी दीड लिटर प्यायला सांगितलंय."

"डॉक्टर काट्यावर न्हाई झोपलाय."

दुसऱ्या दिवशी पाणीपण सोडलं. ओठाला चिरा पडल्या. आप्पा आकड्याकडं बघायचे आणि आकडा आप्पांकडं. डॉक्टर फोनवर ओरडले, किडनी जाईल, पाजा काहीही करून. पाजणार कसं? तोंड मिटलेल्या माणसाला?

तिसऱ्या दिवशी प्रज्वलनं पंधरा ओळी लिहिल्या.

काटा दुरुस्त करणाऱ्याला काटा कसा मारतात हे माहीत असतंच, त्याशिवाय तो पकडणार कसा. आयुष्यभर दुसऱ्यांचे पकडले होते. स्वतः पहिल्यांदाच मारत होता. प्रोग्राम असा होता, की आप्पांचं वजन जितकं वाढेल तितकं हळूहळू, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, आकड्यातून खाली घ्यायचं. अठ्ठावन्न चारशेच्या आसपास खेळवत ठेवायचं. खरं वजन फक्त मोबाइलवर. शेवटचा आकडा पहिल्यासारखा हलता ठेवला, म्हणजे शंका नको.

"आणि त्यांना कळलं तर?" ऐश्वर्यानं विचारलं.

"कसं कळेल?"

 तिनं चहा ठेवला.

आप्पांनी वजन उतरताना बघितलं. दोन दिवसांत साठाचं अठ्ठावन्न. दोन कप चहा घेतला. वरणभात जेवले. पाचव्या दिवशी परत पुकारले, पण मध्ये दम लागला. "अठ्ठावन्न... चारशे." कुंभोजकर गॅलरीत आले आणि परत आत गेले. मोबाइलवर खरं वजन एकसष्टच्या वर होतं आणि दिवस होते ११.

त्या रविवारी ऐश्वर्यानं आप्पांच्या पायात चपला घालायला घेतल्या तर अंगठा शिरेना. आप्पांनी पायाकडं बघितलं. घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरायला किती वेळ लागला ते मनात मोजलं. मग आकड्याकडं बघितलं.

मंगळवारी प्रज्वल दुपारी जेवायला घरी आला. आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मांडीवर लोखंडी वजन, पाच किलोचं, सरकारी छाप मारलेलं. यार्डातून निवृत्त होताना त्यांनी मागून आणलं होतं, एरवी मागच्या दाराला अडवायला असायचं.

"ये. काटा काय दाखवतोय बघ."

प्रज्वलनं बघितलं. 

"मोठ्यानं सांग."

"अठ्ठावन्न चारशे."

"आणि माझ्या मांडीवर काय हाय?"

"आप्पा..."

"रोज सकाळी पहिल्या पोत्याआधी ठरलेलं वजन टाकून काटा बघायचा असतो. तुलाच शिकवलंय मी. सकाळी ऐशूला म्हणलं, दारातलं वजन दे उचलून. ठेवलं तवा वाढला, पाच किलो बरोबर. मग बघत बसलो. हळूहळू, हळूहळू खाली. दुपारपर्यंत पाच किलो लोखंड वितळलं की रं माझ्या मांडीवर."

"तुम्ही पाणी सोडलं होतं. किडनी गेली असती."

"व्हय."

"मी काय करणार होतो मग?"

"शेतकरीबी म्हाताराच असायचा. वरसभर राबलेला. वजन कमी भरलं की तोंड उतरायचं त्याचं, बघवायचं न्हाई." दम घ्यायला आप्पा थांबले. "म्हणून मी आकडा वाढवून पुकारत होतो व्हय? आं?"

 आप्पांनी वजन खाली ठेवलं, पलंगाची कड धरून उठले आणि खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले.

"मारलेल्या काट्यावर मी झोपत नसतो."

बसले ते बसलेच. संध्याकाळी ऐश्वर्यानं विनवलं, "मामा, पाठ तरी टेका." आप्पा म्हणाले, "टेकलीय की." बुधवारीही खुर्चीतच. पाय मडक्यासारखे झाले. मान पुढं पडायची, दचकून वर यायची. प्रज्वल दोनदा पाया पडला. एकदा रागानं ओरडलासुद्धा, "हट्ट कुणाशी करताय? मी तुमच्यासाठीच केलं ना!" आप्पांनी फक्त खिडकीबाहेर बघितलं. उचलून पलंगावर ठेवता आलं असतं. साठ-पासष्ट किलो, पोत्यापेक्षा थोडं जास्त. पण तसा हात पुढं जाईना.

त्यात आणखी एक लाजिरवाणी गोष्ट अशी की त्याला आकड्याची आठवण यायची. हात आपोआप मोबाइलकडं जायचा. स्क्रीनवर लिहिलेलं असायचं, पलंग रिकामा. समोर खुर्चीत बाप बसलेला आणि हा मोबाइलमध्ये त्याला शोधतोय.

गुरुवारी सकाळी त्यानं लॅपटॉप आणून आप्पांसमोर धरला. "ह्या बघा त्या पंधरा ओळी. ह्या पुसल्या."

"मला त्यातलं काय कळतंय? वजन ठेव."

प्रज्वलनं रिकाम्या पलंगावर लोखंडी वजन ठेवलं. पाच किलो शून्य. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. तासभर तिघंही तिथंच बसली. ऐश्वर्यानं बसल्या बसल्या लसूण सोलला. तासानं काटा तेच म्हणत होता. पाच किलो शून्य.

"चल. धर मला."

पलंगावर घेतलं, पाठीला उशा लावल्या. आकडा चढत गेला आणि त्रेसष्ट शंभरवर थांबला. आप्पांनी मान हलवली. पावणेपाच किलो. हळद असती तर म्हणाले असते, भिजवून आणलीय.

"आता दुसरं. मोबाइलमध्ये दिवसभर काय बघतोस?"

ऐश्वर्यानं प्रज्वलकडं बघितलं. तो म्हणाला, "त्यात आलेख आहेत. ठोक्यांचे."

"प्रज्वल."

"त्यात... ते किती दिवस, तेपण येतं."

"कुणाचे?"

"तुमचे."

आप्पांनी पायथ्याच्या पेटीकडं हनुवटी केली. "त्याबी आकड्याचं तोंड माझ्याकडं कर."

त्याला दहा मिनिटं लागली.  वजनाखाली दुसरी ओळ आली. दिवस, ६.

ऐश्वर्या उठून आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आप्पा बराच वेळ वाचत होते. एवढंसं होतं, तरी वाचत होते. मग म्हणाले, "त्याला विचारता येतंय का? गोळी दुप्पट घेतली तर?"

येत होतं. प्रज्वलनं भरलं. "सहाच."

"पाणी कमी केलं तर?"

"पाच."

"दवाखान्यात नेलं तर? नळ्या लावून?"

"आठ. पण तिथंच."

"आणि गोळ्या बंद केल्या तर?"

"पाच."

"म्हणजे काय बी केलं तरी हितल्या हितंच." आप्पा हसल्यासारखे झाले, पण ते खोकल्यात गेलं. "एवढं मोठं यंत्र. अन्‌ सांगायला एवढंच."

"मी मशीन बंद करतो, आप्पा."

"बंद करून काय व्हतंय? आता वाचलं मी."

खरंच होतं. वायरी उपटता आल्या असत्या. सहा उपटता येत नव्हते.

बाहेर ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली. आप्पांची नजर आकड्यावरून हलेना. प्रज्वल पायथ्याशी उभा राहून त्यांना बघत होता. तो काटा वापरून बापाला जे देता येईल ते सगळं देऊन झालं होतं. आधी खोटं, मग खरं. दोन्हीपैकी कशानंच काही झालं नव्हतं.

"हितं बस," आप्पा म्हणाले.

त्यानं खुर्ची ओढली.

"खुर्चीवर न्हाई. हितं."

तो पलंगाच्या कडेला टेकला. काटा धावला, शंभर, एकशेवीस.

"पाय वर घे. जमिनीला पाय टेकला की वजन चुकतं, एवढं कळंना व्हय?"

त्यानं पाय वर घेतले, मांडी घालून बसला, लहानपणी जेवायला बसायचा तसा. आप्पांचा गार, फुगलेला हात त्याच्या गुडघ्यावर आला. काटा स्थिरावला. एकशे चौतीस सहाशे.

खालच्या ओळीतला सहा लुकलुकला. मग गेला. त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

"गेला की रं," आप्पा म्हणाले. "बिघडलं?"

"नाही. दोघांचे ठोके मिसळले. कुणाचा कुठला ते त्याला कळेना झालंय."

आप्पांनी त्या रेघा बघितल्या. "दोन धन्यांचा माल एका काट्यावर. यार्डात असं केलं असतं तर सौदा बंद पाडला असता मी."

"उठू का?"

 आप्पांनी दोन श्वास घेतले, लांब, आतून पाण्याचा आवाज येणारे.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "जरा वेळ."

ऐश्वर्या पदराला हात पुसत दारात आली. तिनं पेटी बघितली, दोघांना बघितलं आणि आल्या पावली परत गेली. थोड्या वेळानं दुकानाच्या कामाचा फोन वाजला, सौदा अडला असणार, कुणाचा तरी काटा बंद पडला असणार. प्रज्वलनं तो वाजू दिला. आप्पांची मान उशीवर कलली. झोप लागली, तीन दिवसांची. गुडघ्यावरचा हात तसाच.

प्रज्वलच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. मग पाय बधिर झाला. तो हलला नाही. दुपार झाली होती, संध्याकाळ होणार होती, कधीतरी त्याला उठावं लागणारच होतं, पाण्याला, लघवीला, दार उघडायला. पलंगावर एकच माणूस आहे अशी खात्री करायला प्रोग्राम चाळीस सेकंद घेतो आणि मग दिवसांचा आकडा परत दाखवतो. ते चाळीस सेकंद त्यानंच ठरवून प्रोग्राममध्ये लिहिले होते. त्या वेळी वाटलं होतं, जास्तच होतायत.